रेल्वेच्या वारशात चावीवाला कुठे आहे?

दरवर्षी १ जूनला सकाळी पुणे स्टेशनवर केक कापतात. डेक्कन क्वीनचा वाढदिवस असतो. १९३० साली सुरू झालेली ही गाडी पुणेकरांना घरातल्या थोरल्या आत्यासारखी आहे. तिचे नखरे माहीत असतात, कौतुकही थांबत नाही. फलाटावर माळा, फुगे, पासधारकांची धांदल. इंजिनाला हार, चालकाला हार. सव्वासातला गाडी हलते आणि मंडळी मोबाइलमधले फोटो बघत डब्यात शिरतात. मीही त्या गर्दीत दोन-तीनदा उभा राहिलोय, केक खाल्लाय. केकबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण ती गाडी ज्या रुळांवरून धावते, त्यांवरून रोज एक माणूस पायी जातो. हातात हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि फटाके. कागदोपत्री तो कीमन, लाइनवरची माणसं त्याला चावीवाला म्हणतात. जाताना एका रुळावर नजर, परत येताना दुसऱ्या. रूळ जागेवर धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची. रुळाला तडा दिसला तर आधी गाडी थांबवायची आणि मगच पुढचं काय ते. त्याच्या पिशवीतले फटाके दिवाळीचे नव्हेत. ते रुळावर बांधायचे असतात. चाकाखाली फुटले की चालकाला कळतं, पुढे धोका आहे. ब्रॉडगेजवर बिघाडापासून सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. ही मापं चावीवाल्याला झोपेतही आठवावी लागतात, कारण वेळ येते तेव्हा वही उघडायला सवड नसते.

पुण्यात रेल्वेचा वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं काय? १९२५ची स्टेशनची इमारत, डेक्कन क्वीनचा डायनिंग कार, घाटात चालणारं ते लांब नाकाचं विजेचं इंजिन, ज्याला लोक खेकडा म्हणत. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेपुढे मुलांइतकेच मोठेही खिळून उभे राहतात. हे प्रेम खरं आहे, पण ते यंत्रावरचं आणि दगडी बांधकामावरचं प्रेम आहे. माझ्या मते रेल्वेचा इतिहास आधी कामांचा इतिहास आहे. कोण काय करायचं, किती तास, कशाच्या भरवशावर, आणि ते काम कोणत्या जातीच्या, कोणत्या रंगाच्या माणसाला मिळायचं, याचा. तो जपायचा असेल तर घाई केली पाहिजे. वाफेच्या इंजिनावर काम केलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.

सुरुवात बोरघाटापासूनच करू, कारण पुण्याची रेल्वे तिथूनच आली. १८५८ साली पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. तिकडे मुंबईची गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत आली होती. मधला डोंगर लोक पालखीतून, तट्टावरून, नाहीतर पायी पार करत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यानं आखलेला घाटमार्ग सुमारे पंचवीस किलोमीटरचा, त्यात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट, आणि २५ बोगदे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते उद्घाटन झालं. बर्कली तोवर वारला होता. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये कामावर आला आणि काही आठवड्यांतच मेला. मग त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ठेका पुढे नेला. या बाईंची गोष्ट आता बरीच सांगितली जाते, आणि सांगावीच.

पण त्याच घाटात १८६१च्या सुमारास ४२ हजारांवर मजूर राबत होते. कड्यावरून दोर सोडून त्याला लोंबकळत पहारीनं सुरुंगाची भोकं पाडणारे, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, त्यांची पोरं. दगडमातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार तांड्यानं येत आणि एक काम संपलं की पुढच्या कामावर जात. पटकीनं माणसं पटापट गेली. आठ वर्षांत किती मेली याचे अंदाजच आहेत, आणि इतिहासकारांचा एक अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. मुळात मोजदाद झाली नाही, म्हणूनच अंदाजाची वेळ आली. बोगद्यांची लांबी मात्र यार्डात मोजून लिहिलेली आहे.

या घाटातली आणखी एक गोष्ट शाळेत शिकवायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. जानेवारी १८५९ मध्ये मजूर उठले. पोटठेकेदारांनी मजुरी थकवली होती. दंगल झाली, एक युरोपीय मारला गेला. चौकशीत थकलेल्या पैशाची गोष्ट उघड झाली आणि तेव्हाच्या ठेकेदारानं, फॅविएलनं, काम सोडलं. पुढच्याच वर्षी सरकारनं १८६०चा नववा कायदा आणला. अशा बांधकामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट मिटवावेत, हे त्यात होतं. काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करायची सोयही त्यातच होती. मजुरीच्या तंट्याचा आपल्याकडचा हा अगदी सुरुवातीचा कायदा खंडाळ्याच्या कपारीत जन्मला. घाटातून जाताना आपण धबधब्याचे फोटो काढतो, तेवढ्यात खिडकीबाहेरून हे सगळं निघून जातं.

पुण्याला रेल्वे कामगार परका कधीच नव्हता. मे १८९९ मध्ये जीआयपीच्या सिग्नलरांनी पगार आणि कामाचे तास यांसाठी संप केला, तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’नं आणि ‘मराठा’नं महिनोन्‌महिने त्यांची बाजू लावून धरली. टिळकांच्या वर्तमानपत्रांना तारायंत्रावर बसणाऱ्या माणसाचे तास महत्त्वाचे वाटले होते.

अर्थात कामगार म्हणजे एकजिनसी गोळा नव्हता. वरच्या इंजिनांवर गोरे आणि अँग्लो-इंडियन चालक, खाली देशी फायरमन. फलाटावर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं. रुळांची डागडुजी करायला गँगमन. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला जीआयपीतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे डॉ. आंबेडकरांचं वाक्य त्या भाषणातलं. ते वाक्य अनेकांना पाठ असतं, पण त्याच भाषणातला रेल्वेच्या कामांचा तपशील फारसा कोणी वाचत नाही. आंबेडकरांनी सांगितलं होतं की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. पोर्टर म्हणून त्याला घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि त्या घरात त्याचा शिरकाव होत नाही. पोर्टरच्या नेमणुकीमागे स्टेशन मास्तरचं स्वयंपाकघर उभं होतं. रेल्वेतली कामं कशी वाटली गेली हे समजायला मला तरी याहून नेमका तपशील सापडलेला नाही.

आता थोडं घरचं. माझे आईकडचे आजोबा पुणे-मिरज मीटरगेजवर फायरमन होते, पुढे चालक झाले. १९७१ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. इंजिन क्लीनर, सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, मालगाडीचा चालक, पॅसेंजरचा, आणि नशीब असेल तर मेलचा, ही वाफेच्या काळातली शिडी होती. एकेका पायरीवर कित्येक वर्षं जात. कोळसा नुसता फेकायचा नसतो, असं आजोबा सांगत. थोडा थोडा, पण सतत, आणि भट्टीच्या मागच्या कोपऱ्यांत आधी. धुरांड्यातून काळा धूर निघाला म्हणजे कोळसा फुकट चालला. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी उतरली तर भट्टीवरचा शिशाचा प्लग वितळतो, इंजिन जागेवर मरतं आणि चालक-फायरमन दोघांच्या नोकरीवर येतं. पुढे घरी गॅस आला, तर ज्योत पिवळी दिसली की आजोबा ओट्याजवळ येऊन बर्नर काढायला लावत. आम्हाला ते तऱ्हेवाईक वाटायचे. चाळीस वर्षं आगीचा रंग वाचलेला माणूस स्वयंपाकघरात आपलं काम करत होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आई कॉलबॉयबद्दल सांगते. नाव बॉय, पण असायचा बाप्याच. रात्री दीड-दोनला ड्युटीवर बोलवायला कंदील आणि कॉलबुक घेऊन दारात उभा. आजोबांची सही घेतल्याशिवाय तो दारातून हलायचा नाही. त्याच्या हाकेला आधी जाग यायची ती आजीला. दीड तासात भाकऱ्या, भाजी, चटणी डब्यात. त्या नोकरीचा पगार एकाला होता आणि रात्रपाळी दोघांना, हे कुठल्याच मस्टरवर आलं नाही.

कॉलबॉय गेला. सिग्नलच्या खांबावर चढून रॉकेलचे दिवे लावणारा लॅम्पमन गेला. चालक-गार्डच्या सामानाच्या लोखंडी लाइनबॉक्सा डोक्यावरून गाडीत नेऊन ठेवणारा पोर्टर गेला, आता चाकांच्या बॅगा आल्या. एकेरी मार्गावर वेताच्या कड्यात टोकनचा गोळा अडकवून धावत्या इंजिनाच्या दिशेनं हात उंच धरून उभा राहणारा पॉइंट्समनही दिसत नाही. तो गोळा हातात आला नाही तर पुढे जायची परवानगीच नाही, म्हणून दोन स्टेशनांमधल्या सगळ्या प्रवाशांचा जीव त्या कड्यात असायचा. रुळाखाली खडी ठोकायचं काम आता टॅम्पिंग मशीन करतं. पूर्वी गँग ओळीनं उभी राहून बीटरनं ठोकायची. रूळ सरकवताना एकजण ओळ म्हणायचा, बाकीचे त्या ठेक्यावर जोर लावायचे. आपण ओव्या जमवल्या, भारुडं जमवली. गँगची ती गाणीसुद्धा लोकगीतंच आहेत.

‘मग काय, पुन्हा कोळसा उपसायचा का?’ असं कोणी विचारेल. मुळीच नाही. कितीतरी कामं गेली ते उत्तम झालं, काही फार आधी जायला हवी होती. डब्यांचे संडास थेट रुळांवर रिकामे होत आणि स्टेशनात ती घाण माणसं हातानं साफ करत. मार्च २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला रेल्वेला सांगावं लागलं की हे कालबद्ध रीतीनं बंद करा. बायो-टॉयलेट आली ती त्या मानानं कालपरवा. गेलेल्या कामांसाठी गळा काढणाऱ्यांतला मी नाही. काम नाहीसं होतं तेव्हा त्याची नोंद कोण करतं, एवढाच माझा प्रश्न आहे. नोंद राहिली नाही की आपल्या हातात उरतं ते फक्त नाव. आणि नावं बदलायला रेल्वेला काही पडत नाही.

गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर. ड्रायव्हरचा लोको पायलट. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलीचा सहायक झाला, जानेवारी २०२२ मध्ये गार्डचा ट्रेन मॅनेजर. नावाला मी हसत नाही. ‘कुली’ या शब्दाचा डंख ज्यानं सोसलाय त्याला नवं नाव हवंसं वाटणारच. पण लाल सदरा आणि दंडावरचा पितळी बिल्ला तोच राहिला. पगार नाही, परवाना आहे, आणि गिऱ्हाइकाच्या सूटकेसला चाकं आहेत. हमालांची संघटना कशी उभी करायची हे ज्या शहरानं बाबा आढावांच्या हमाल पंचायतीतून महाराष्ट्राला शिकवलं, त्या शहराच्या स्टेशनावरच्या हमालाकडे आपण घासाघीस करण्यापुरतंच बघतो.

फाटकवाल्याचं बघा. स्वातंत्र्याच्या तोंडावर न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी रेल्वे कामगारांच्या तासांचा निवाडा दिला, १९४७ साली. त्यात कामांचे वर्ग पडले. कष्टाचं सलग काम वेगळं, आणि अधूनमधून हात हलवायला लागणारं काम वेगळं. फाटकावर बसणारा माणूस बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या वर्गात गेला. कामाच्या मध्ये बसायला मिळतं, म्हणून त्याची पाळी बारा तासांची. १९६९ साली नेमलेल्या मियाभॉय लवादानं तास थोडे कमी केले, पण बारा तासांची पाळी पुष्कळ फाटकांवर टिकली. बसायला मिळतं म्हणजे झोपायला मिळतं असं नव्हे. फोन वाजणार, फाटक पाडायचं, उलट्या बाजूनं घुसणाऱ्या दुचाकीस्वाराच्या शिव्या खायच्या, गाडी गेली की हिरवी झेंडी दाखवायची. बारा तास सावध राहणं हे काम नाही असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी एक रात्र फाटकावर काढायला हवी होती.

१९७४चा संपही अखेर तासांचा आणि बोनसचा होता. ८ ते २७ मे, सुमारे सतरा लाख कामगार. आणीबाणीची पूर्वतयारी म्हणून तो संप आठवला जातो, जॉर्ज फर्नांडिस म्हणून आठवला जातो. कॉलन्यांमधून बाहेर काढलेली बिऱ्हाडं मात्र फारशी आठवली जात नाहीत. बोनस मिळाला तो १९७९ मध्ये.

ही नुसती जुनी रडगाणी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण या इतिहासाचा आजच्या जगण्यामरण्याशी संबंध आहे. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १,६०० आणि जखमी ८,७०० होते, असं त्यात आहे. त्याच काळात रेल्वे अपघातांत मेलेल्या लोकांपेक्षा हा आकडा मोठा होता. डबा उलटला की बातमी होते. ट्रॅकमन गाडीखाली आला तर आतल्या पानावर चार ओळी. वळणावर गाडी उशिरा दिसते. दोन-तीन मार्ग शेजारी असले की एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. विजेचं इंजिन वाफेसारखं दुरून धापा टाकत येत नाही. गाडी जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रं आता निघाली आहेत आणि ती प्रत्येक गँगच्या हातात हवीत. पण कुठल्या वळणावर काय ऐकू येतं आणि काय नाही, पावसात लोणावळ्याच्या पुढचा कुठला कडा आधी सुटतो, हे घाटातल्या हिल गँगच्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं. ही माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर जातात आणि सुटे धोंडे पावसाळ्याआधी पाडतात. दीडशे वर्षांपूर्वी दोरावरच घाट खोदला गेला, आजही तो दोरावरच राखला जातो. मंकी हिलच्या किंवा ठाकूरवाडीच्या केबिनवर काढलेल्या पावसाळ्यांचं ज्ञान नियमपुस्तकात पूर्ण उतरत नाही. त्या माणसाबरोबर ते निवृत्त होतं, आणि त्याच्या जागी ठेक्यावरचा मुलगा आला तर त्याला शिकवायलाही कोणी उरत नाही.

बाईच्या दृष्टीनं तर हा इतिहास आत्ताच सुरू झालाय. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून आल्या आणि ८ मार्च २०११ला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला नेली. त्या दिवशी हारतुरे झाले. पण इंजिनात स्वच्छतागृह नसायचं आणि चालकाची पाळी कित्येक तासांची असते, ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत यायला बायकांना त्या केबिनमध्ये यावं लागलं. पुरुषांनी शंभरावर वर्षं ते मुकाट सोसलं होतं. काम कोण करतं यावर कामातलं काय दिसतं हेही ठरतं.

आता रेल्वेचे अधिकारी म्हणतील, आमचं काम गाड्या चालवण्याचं आहे, संग्रहालयांचं नाही. मला हे मान्य आहे. म्हणून मी रेल्वेकडे फार मोठं काही मागत नाही. जुनी मस्टरं, कॉलबुकं, पावसाळी गस्तीच्या वह्या, अपघाताच्या चौकशीचे कागद मुदत संपली की रद्दीत काढण्याआधी एकदा अभिलेख जाणणाऱ्या माणसाला दाखवा. स्टेशनचा नवा आराखडा जेव्हा केव्हा होईल, तेव्हा त्यात एक खोली ठेवा. टोकनचं यंत्र, हातदिवा, लाइनबॉक्स, बीटर, आणि शेजारी ते कसं वापरायचं हे सांगायला निवृत्त माणूस. पुतळा नको. पुतळ्याला हार घालून आपण मोकळे होतो.

बाकीचं काम शहराचं आहे. हे शहर मोडी कागदाच्या चिठोऱ्यासाठी जीव टाकतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१०मध्ये इथे भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते घराघरांतल्या दफ्तरांचा नाश बघवेना म्हणून. पेशवे दफ्तरातले दाणागोट्याचे हिशेबसुद्धा आपल्याला अभ्यासाचा विषय वाटतात, आणि ते योग्यच आहे. मग खडकीच्या गँगच्या हजेरीपटाला आपण रद्दी का म्हणायचं? कॉलेजांच्या इतिहास विभागांनी, पेन्शनरांच्या संघटनांना हाताशी धरून, घोरपडी, दौंड, लोणावळ्याच्या कॉलन्यांत ध्वनिमुद्रण सुरू करावं. प्रश्न मोठे नकोत. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषण देतो. ‘रात्री कॉल आला की पहिल्यांदा काय उचलायचा?’ असं विचारलं की तो सगळं सांगायला लागतो.

माझे मामा घोरपडीच्या डिझेल शेडमधून निवृत्त झाले. त्यांना हा लेख वाचून दाखवला. फायरमनच्या भागाशी ते थांबले, प्लगचं वाक्य बरोबर आहे म्हणाले. मग शंका काढली. मस्टर वगैरे ठीक आहे, पण कॅज्युअल लेबरचं काय? वर्षानुवर्षं रोजंदारीवर खडी टाकली, सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५च्या निकालानंतर त्यांना कायम करण्याची योजना आली. त्यातही जे आधीच सुटले, मेले, गावी गेले, त्यांची नावं कुठून आणणार? पे-शीटवर नुसते अंगठे असायचे.

मला उत्तर सुचलं नाही. मामांनी चहा संपवला, कप धुवून पालथा घातला आणि म्हणाले, “घोरपडीत तसले दोघं-तिघं आहेत अजून. एकाला ऐकू कमी येतं. रविवारी सकाळी ये, दहाच्या आत. नंतर ते झोपतात.”